जिंकलेले राज्य राखताना : लिउ बांगच्या सात वर्षांचा प्रकरण अभ्यास

इ.स.पू. 202 च्या फेब्रुवारीत लिउ बांग चीनचा सम्राट झाला. हाती आलेले राज्य नकाशावर अफाट आणि जमिनीवर उजाड होते. सम्राटाच्या रथाला एका रंगाचे चार घोडे जमवता येत नव्हते; सेनापती आणि मंत्री बैलगाडीतून फिरत. छूनी नावाच्या एका परगण्यात आधीच्या छिन राजवटीत 30,000 वर घरे होती, ती 5,000 उरली होती. मोठ्या शहरांच्या नोंदींत पूर्वीच्या दहा घरांमागे दोन-तीनच सापडत.

ज्याच्याकडे हे राज्य आले तो शेतकऱ्याच्या घरातला, छिन राजवटीत रस्त्यावरच्या चौकीचा नाईक. इ.स.पू. 209 मध्ये बंडे उसळली तेव्हापासून त्याची सात वर्षे घोड्यावर गेली होती. माणसे जोडणे, त्यांना लुटीचा आणि मुलखाचा वाटा देणे, मसलत ऐकून घेणे आणि हरल्यावर पुन्हा उभे राहणे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विद्वानांचा मात्र त्याला तिटकारा. लू जिया नावाचा मुत्सद्दी बोलता बोलता जुन्या ग्रंथांचे दाखले द्यायचा, तेव्हा लिउ बांग खेकसला की हे राज्य मी घोड्यावर बसून मिळवले, मला ग्रंथ काय करायचे? लू जियाने उलट विचारले की घोड्यावर बसून मिळवले हे खरे, पण घोड्यावर बसून ते चालवता येईल का?

हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. लू जियाच्या उत्तराचा पुढचा भाग मात्र सहसा गाळला जातो, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. त्याचे म्हणणे असे की सारा देश जिंकल्यावर छिनने आपली रीत बदलली असती, तर महाराज, हे राज्य तुमच्या हाती आलेच नसते. छिन दुबळे होते म्हणून बुडाले नाही. युद्धात जी रीत उपयोगी पडली तीच त्याने शांततेत तशीच पुढे चालवली. लिउ बांगचा चेहरा पडला, पण त्याने लू जियाला कामाला लावले: छिनने राज्य का गमावले, मला ते का मिळाले आणि आधीची राज्ये कशाने टिकली वा बुडाली, हे लिहून काढ. लू जियाने बारा प्रकरणे लिहिली आणि एकेक करून दरबारात वाचून दाखवली.

यावरून लिउ बांगने तलवार ठेवून ग्रंथ हाती घेतले असा समज रूढ झाला. प्रत्यक्ष कारभार पाहिला तर तसे दिसत नाही. शत्रूची राज्ययंत्रणा त्याने बहुतांशी जशीच्या तशी ठेवली आणि तिचा रयतेवर पडणारा भार कमी केला. रयत, सोबती आणि मांडलिक राजे या तिघांशी तो तीन वेगळ्या रीतींनी वागला, आणि बदलाचा वेगही तिघांच्या बाबतीत वेगळा ठेवला. रयतेच्या बाबतीत तो राज्य मिळण्याआधीच बदलला होता. सोबत्यांच्या बाबतीत दोन वर्षे गेली. मांडलिक राजांच्या बाबतीत तो मरेपर्यंत घोड्यावरच राहिला.

दफ्तर आधी, खजिना नंतर

सुरुवात इ.स.पू. 207 च्या अखेरीस होते. छिनचा शेवटचा राजा झियिंग शरण आला आणि लिउ बांग राजधानी श्येनयांगमध्ये शिरला. राजवाडा, घोडे, दागिने, स्त्रिया पाहून त्याला तिथेच मुक्काम ठोकायचा मोह झाला. सरदार फान क्वाई आणि मसलतगार झांग लियांग या दोघांनी त्याला परत फिरवले. खजिन्यांना मोहरा लागल्या आणि सैन्य शहराबाहेर बाशांगला छावणीत गेले.

मग त्याने परगण्यांतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तीन कलमे सांगितली. खून करणाऱ्याला देहांत. दुखापत करणाऱ्याला आणि चोराला गुन्ह्याप्रमाणे शिक्षा. छिनचे बाकी सगळे कायदे रद्द. जुने अंमलदार आपापल्या जागी राहतील. हे सांगायला त्याची माणसे छिनच्याच कारकुनांना बरोबर घेऊन गावोगाव फिरली. नवा मालक काय म्हणतो ते लोकांना ओळखीच्या तोंडून कळले. लोक गुरे, मेंढ्या, दारू घेऊन आले, तेव्हा कोठारात धान्य भरपूर आहे, तुम्हाला खर्चात घालायचे नाही, असे सांगून त्याने ते परत पाठवले. शहर जिंकल्यावर पहिल्या आठवड्यात लोक एवढेच पाहतात: सैन्य कुठे झोपते, आणि ते काय उचलते.

याच दिवसांत दुसरे एक काम गाजावाजा न होता उरकले. बाकीचे सरदार सोन्याचांदीच्या कोठारांकडे धावले, तेव्हा श्याओ हे हा लिउ बांगचा कारभारी सरळ छिनच्या प्रधानाच्या कचेरीत गेला. कायद्याचे दस्त, नकाशे, खानेसुमारीची दफ्तरे सगळी त्याने ताब्यात घेतली. कुठली खिंड अवघड, कुठल्या परगण्यात किती घरे, कुठे माणसे कमी आणि कुठल्या लोकांना काय जाचते, हे पुढची चार वर्षे लिउ बांगला ठाऊक होते आणि त्याच्या शत्रूला नव्हते. श्याओ हे हा मूळचा पेई परगण्यातला छिनचाच कारकून होता. दफ्तर नसले की सारा वसूल होत नाही, शिपाई भरती होत नाहीत, तंट्याचा निवाडा होत नाही, हे त्याने खालच्या पायरीवर बसून पाहिले होते.

प्रतिस्पर्धी श्यांग यू महिन्या-दोन महिन्यांत तिथे पोचला. लढाईत तो लिउ बांगपेक्षा कितीतरी सरस. त्याने शरण आलेल्या झियिंगला मारले, श्येनयांग लुटले आणि राजवाड्यांना आग लावली. ती तीन महिने धुमसत होती असे जुने इतिहासकार लिहितात. मग त्याने देश 18 राजांत वाटला आणि स्वतः पूर्वेला फंगचेंगला परतला. वाटणीचा निकष त्याची मर्जी होती. जे तिच्यात बसले नाहीत ते वर्षाच्या आत उठले. राजधानी जाळली तेव्हा ती चालवायची साधनेही जळतात, हा हिशेब त्याच्या मनातच नव्हता. इ.स.पू. 202 मध्ये गायश्याला त्याचा शेवटचा पराभव झाला.

फौज मोडणे

सम्राट झाल्यावर तीन-चार महिन्यांत लिउ बांगने सैन्य घरी पाठवायला काढले. जिंकलेल्या सैन्याला पगार द्यावा तर पैसा नाही, तसेच ठेवावे तर ते लुटणार, आणि नुसते हाकलावे तर तेच उद्याचे दरोडेखोर. त्या वर्षीच्या फर्मानात याला दिलेले उत्तर असे होते. ग्वानझोंग या पश्चिमेच्या प्रदेशात जे स्थायिक होतील त्यांना 12 वर्षे वेठमाफी. जे आपल्या मुलखात परततील त्यांना 6 वर्षे. युद्धात डोंगरदऱ्यांत लपलेल्यांनी आपल्या परगण्यात परतावे, त्यांची जुनी पायरी (मानाचा दर्जा), शेत आणि घर त्यांना परत मिळेल. उपासमारीने ज्यांनी स्वतःला विकले ते मोकळे. अंमलदारांनी कायदा समजावून सांगावा, फटके मारून अपमान करू नये.

यात खैरात कमी आणि हिशेब जास्त आहे. लपलेला माणूस नोंदीत नसतो, म्हणून तो सारा देत नाही. गुलाम झालेला माणूस मालकाच्या नावावर जातो आणि राज्याला दुरावतो. माणूस नोंदीत परत आणण्यासाठी दिलेली किंमत म्हणजे ही माफी. ग्वानझोंगला दुप्पट सवलत यासाठी की राजधानीचा प्रदेश ओसाड पडला होता आणि तिथे लढलेली, भरवशाची माणसे वसवायची होती.

अंमलबजावणीत लगेच घोळ झाला. ज्या शिपायांना पायरीप्रमाणे शेत-घर मिळायचे होते त्यांना खालचे अंमलदार खेपा घालायला लावत होते, आणि कधी लढाईचे तोंड न पाहिलेले कारकून स्वतःची पोटे आधी भरत होते. हे फर्मानातच नमूद आहे, शब्द न चावता. असल्या अंमलदारांची चौकशी करून जबर शिक्षा करा, असा हुकूम त्याने सोडला. आश्वासन वरून दिले जाते आणि जमीन खालून मोजून मिळते. या दोन टोकांच्या मध्ये बसलेला माणूस जुन्याच सवयीने वागत असतो. हूपेई प्रांतात झांगज्याशान येथे 1983 मध्ये उकरलेल्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले इ.स.पू. 186 च्या सुमाराचे कायदे मिळाले. त्यांत या वाटपाची पूर्ण मोजदाद आहे: सामान्य माणसाला 1 छिंग (जमिनीचे माप), पहिल्या पायरीच्या शिपायाला दीड छिंग, आणि पायऱ्या चढत वरच्या मानकऱ्याला 95 छिंग. पायऱ्यांची ही शिडी छिनचीच. नव्या राजवटीने तीवर आपली माणसे बसवली.

राजधानीचा निर्णयही याच काळातला. लिउ बांगला मध्यावरचे लुओयांग हवे होते. त्याचे बहुतेक सरदार पूर्वेकडचे, त्यांनाही तेच बरे वाटे. सरहद्दीवर कामाला निघालेल्या लोउ जिंग नावाच्या साध्या माणसाने भेट मागून सांगितले की लुओयांग हे लोकांच्या निष्ठेवर उभ्या असलेल्या जुन्या घराण्याचे शहर. तुम्ही सत्तर लढाया करून आलेले, तुम्हाला चहूबाजूंनी खिंडी असलेले ग्वानझोंग हवे. झांग लियांगने दुजोरा दिला आणि लिउ बांग त्याच दिवशी पश्चिमेला निघाला. आपल्या सत्तेला अजून कशाचा आधार नाही हे ओळखून राजधानी निवडायची, ही समज थोड्या विजेत्यांना असते.

सोबत्यांचे काय करायचे

प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि सर्वांत शिकण्यासारखाही. शत्रू मेला की त्याचा प्रश्न संपतो. सोबत्यांचा प्रश्न तेव्हाच सुरू होतो.

प्रथम मानाचा क्रम लावायचा होता. त्यावर वर्षभर वाद चालला. लिउ बांगने श्याओ हेला पहिला नंबर देऊन त्याच्या नावे 8,000 घरांची जहागीर केली. सेनापती भडकले. आम्ही शंभर-शंभर लढाया केल्या. हा दौत-लेखणी घेऊन बसला होता, घोड्यावरही चढला नाही. लिउ बांगने त्यांना शिकारीचा दाखला दिला की सावजामागे धावून ते धरतो तो कुत्रा, पण सावज कुठे आहे ते दाखवतो तो माणूस. अंगावर 70 जखमा असलेल्या त्साओ शेनला पहिला मान द्यावा असा सगळ्यांचा आग्रह होता. तेव्हा एका दरबाऱ्याने बाजू मांडली की लढाई जिंकणे ही एका दिवसाची गोष्ट. सम्राट कितीदा सैन्य गमावून पळाले, आणि दरवेळी हुकूम यायची वाट न पाहता ग्वानझोंगमधून माणसे आणि धान्य कोणी पाठवले? श्याओ हे पहिला राहिला.

पुढे राज्य कोणत्या गुणावर चालेल याची ही जाहीर घोषणा होती. मात्र लिउ बांगने त्साओ शेनला धनाने कमी ठेवले नाही. त्याची जहागीर 10,000 वर घरांची, म्हणजे श्याओ हेपेक्षा मोठी. मान एकाला, उत्पन्न दुसऱ्याला जास्त. दोन्ही एकाच माणसाला दिले असते तर भांडण मिटले नसते.

अशा जहागिरी शेवटी 140 वर झाल्या. जहागीरदाराला ठरलेल्या घरांचा वसूल मिळे. नंतरच्या एका हिशेबात तो घरामागे वर्षाला सुमारे 200 नाणी धरला आहे. त्याला स्वतःची फौज नव्हती. म्हणजे उत्पन्न पिढीजात, तलवार राज्याची. ही वाटणी पुढे टिकली.

इ.स.पू. 201 मध्ये वीस-एक जणांची वाटणी झाली आणि बाकीच्यांची अडली. एके दिवशी वाड्याच्या वरच्या सज्ज्यातून लिउ बांगला सरदार वाळूवर घोळक्याने बसून कुजबुजताना दिसले. काय चालले आहे, असे विचारताच झांग लियांग म्हणाला की ते बंडाची मसलत करत आहेत. का? तर आतापर्यंत जहागिरी मिळाल्या त्या सगळ्या तुमच्या जुन्या मित्रांना आणि मारले गेले ते तुमचे नावडते; मुलूख सगळ्यांना पुरणार नाही, आणि जुनी चूक काढून आपल्यालाही मारतील, ही भीती आहे. उपाय म्हणून त्याने विचारले की तुमचा सर्वांत नावडता, आणि नावडता आहे हे सगळ्यांना माहीत असलेला माणूस कोण? योंग ची. मग त्याला आधी जहागीर द्या. मेजवानी ठेवून योंग चीला जहागीर दिली गेली आणि बाकीची यादी लवकर पुरी करण्याचे हुकूम सुटले. योंग चीलाही मिळाली तर आपली काळजी मिटली, म्हणत सरदार घरी गेले.

इथे असंतोष हावेपोटी होता त्यापेक्षा भीतीपोटी जास्त होता. जहागिरी वाढवून भीती जात नाही. नियम मर्जीवर चालत नाही हे एका ठळक उदाहरणाने दाखवले की ती जाते. याला साधा खर्च एका जहागिरीचा आला.

भीती गेली तरी वागणे तेच राहिले. दरबारात सरदार दारू पिऊन आपापल्या पराक्रमाच्या बढाया मारत, आरडाओरड करत, तलवार उपसून खांबांवर वार करत. छावणीत हे खपून गेले असते. लिउ बांगनेच छिनचे दरबारी रीतिरिवाज किचकट म्हणून काढून टाकले होते, आता त्यालाच ते सोसेना. शूसुन थोंग हा विद्वान ही वेळ बरोबर हेरून होता. युद्ध चालू असताना त्याने आपल्या शंभरावर शिष्यांपैकी एकाचीही शिफारस केली नव्हती; दांडगे आणि धाडसी लोक तेवढे पुढे केले. शिष्य कुरकुरले तर म्हणाला, सम्राट बाण-दगडांच्या माऱ्यात आहेत, तुम्ही लढू शकाल का? थांबा. आता त्याने सम्राटाला सांगितले की विद्वान राज्य मिळवायला कामाचे नाहीत, मिळालेले राखायला आहेत. लिउ बांगची अट एकच: सोपे असू दे, मला जमेल असेच कर.

काम कसे झाले ते बारकाईने पाहावे. लू प्रदेशातून तीसेक जाणकार आणले. त्यांतल्या दोघांनी यायला नकार दिला. शहराबाहेर उघड्या मैदानात दोऱ्या बांधून आणि गवताच्या पेंढ्या रोवून जागा आखल्या, आणि महिनाभर तालीम झाली. मग सम्राटाने येऊन पाहिले आणि एवढे मला जमेल म्हणाला. त्यानंतरच दरबाऱ्यांना शिकवण्याचा हुकूम निघाला. इ.स.पू. 201-200 च्या हिवाळ्यात छांगल वाड्यात पहिला दरबार भरला. उजाडण्याआधी पायरीप्रमाणे आत घेणे. जहागीरदार, सेनापती, लष्करी अंमलदार पश्चिमेला पूर्वेकडे तोंड करून. प्रधान आणि मुलकी अंमलदार त्यांच्या समोर. मद्याचे नऊ प्याले, तेही पायरीच्या क्रमाने उठून. जो चुकेल त्याला देखरेख करणारे अंमलदार बाहेर नेत. शेवटपर्यंत कोणी आवाज चढवला नाही. सम्राट असणे किती मोठे ते आज कळले, असे लिउ बांग म्हणाला.

त्याच्या या उद्गाराने वाचकाचे लक्ष अहंकाराकडे जाते. बैठकीची मांडणी जास्त बोलकी आहे. सेनापती आणि कारभारी समोरासमोर, सारख्या मानाने बसले. दारू बंद केली नाही, मोजून दिली. कुठल्याही सरदाराला नावाने खाली आणले नाही. प्रत्येकाला जागा दिली आणि जागेने त्याला बांधले. सराव आधी अनोळखी शिष्यांवर झाला, म्हणून चुका सरदारांसमोर झाल्या नाहीत. शूसुन थोंगला बक्षीस म्हणून 500 जिन (वजनाचे माप) सोने मिळाले, ते त्याने सगळे शिष्यांत वाटले, आणि शिष्यांना नेमणुका मिळाल्या. सैन्याबाहेरून कारभारात आलेली ही पहिली मोठी तुकडी.

कायदा: फेकला, उचलला, मग घासला

तीन कलमे युद्धात पुरली. शांततेत ती पुरेनात. वारसा, गहाण, वेठ, सरकारी घोडे, हद्दीचे तंटे यांवर खून-दुखापत-चोरीच्या तीन ओळींत उत्तर नाही. श्याओ हेने छिनचे कायदे पुन्हा उचलले, त्यांतले कामाचे निवडले आणि नऊ प्रकरणांची संहिता बांधली. जुन्या सहा प्रकरणांना त्याने कुटुंब-नोंदणी, वेठ-भरती आणि तबेले-कोठारे ही तीन जोडली. काय जोडले तेच पाहा: नव्या राज्याची कमतरता माणसे, मजूर आणि जनावरे यांचीच होती.

छिनचा कायदा क्रूर म्हणून फेकून देण्यासारखा होता का? युनमेंगजवळ शुइहूदी येथे 1975 मध्ये एका छिन कारकुनाचे थडगे सापडले. त्यातल्या पट्ट्यांवर वेठीला उशिरा पोचणाऱ्यांबद्दलचा नियम आहे. तीन ते पाच दिवस उशीर झाला तर समज. सहा ते दहा दिवसांना एका ढालीचा दंड. दहावर गेल्यास एका चिलखताचा. पावसाने अडवले तर ती वेठ रद्द. इतिहासात मात्र पहिले बंड पावसात अडकलेल्या 900 जणांनी उशिराला देहांत आहे म्हणून केल्याचे लिहिले आहे. दोन्ही एकत्र ठेवले की असे दिसते की कायद्याच्या शब्दांइतकाच त्याच्या वापराचा भार होता. एकाच वेळी थडगे, वाडे, रस्ते, तटबंदी सगळी काढली, तर बरा कायदाही माणसाला चिरडतो. म्हणून हानांनी, म्हणजे लिउ बांगच्या नव्या राजवटीने, कायदा ठेवून मागणी घटवली, हे योग्यच केले.

सारा पिकाच्या पंधराव्या हिश्श्यावर आणला. डोईपट्टी इ.स.पू. 203 पासून होतीच. परगण्यांकडून दरबाराला येणाऱ्या भेटींच्या नावाखाली अंमलदार लोकांना पिळतात हे लक्षात आल्यावर इ.स.पू. 196 मध्ये त्यालाही माणशी वर्षाला 63 नाण्यांचे कुंपण घातले. इ.स.पू. 200 चा एक हुकूम सांगतो की संशयाचा खटला लोंबकळत ठेवू नका. परगण्याला जमला नाही तर प्रांताकडे, तिथून मुख्य न्यायाधीशाकडे, तिथेही न सुटल्यास सम्राटाकडे पाठवा. कायदा जुना असूनही कैदी वर्षानुवर्षे सडत पडण्याचे कारण कारकुनाची भीती असते. वर विचारायची वाट मोकळी झाली की ती भीती कमी होते.

जाच असलेली कलमे मात्र राहिली, आणि ती एकेक करून गळायला पिढी-दीड पिढी लागली. खाजगी ग्रंथबंदी इ.स.पू. 191 मध्ये गेली, तीन कुळांचा वध करण्याचे कलम 187 मध्ये, अवयव छाटण्याच्या शिक्षा 167 मध्ये. लिउ बांगने तीन कुळांचे कलम स्वतःच्या सरदारांवर वापरले होते, म्हणून ते त्याच्या हयातीत गेले नाही.

घडी बसल्यावर

इ.स.पू. 193 मध्ये श्याओ हे वारला आणि त्याच्या जागी तोच सत्तर जखमांचा त्साओ शेन प्रधान झाला. त्याने काहीही बदलले नाही. परगण्यांतून मोजके बोलणारे, वयस्क कारकून निवडून आणले. कायद्याचा कीस काढून नाव मिळवू पाहणाऱ्यांना काढून टाकले. नवा सम्राट अस्वस्थ झाला तेव्हा त्साओ शेनने त्याला विचारले की तुम्ही थोर की तुमचे वडील, आणि मी हुशार की श्याओ हे? दोन्ही प्रश्नांना आधीचेच सरस असे उत्तर आल्यावर तो म्हणाला, मग त्यांनी नीट आखून दिलेले आपण सांभाळू. एका योद्ध्याने एवढा आवर घालून घेणे हे या प्रकरणातले मला सर्वांत मोठे परिवर्तन वाटते. रीत बदलणे म्हणजे दरवर्षी काहीतरी नवे काढणे असे समजणाऱ्यांना यश पचत नाही.

आवर म्हणजे काम थांबवणे नव्हते. राजधानी छांगआनचा तट याच काळात बांधला गेला. इ.स.पू. 192 च्या वसंतात 600 ली (अंतराचे माप) परिसरातून 1,46,000 स्त्री-पुरुष बोलावले आणि 30 दिवसांनी परत पाठवले. 190 मध्ये 1,45,000, पुन्हा 30 दिवस. छिननेही माणसे अशीच बोलावली असती, पण परतीची तारीख ठरवून नव्हे.

जिथे बिघडले

नाण्यांत चूक झाली. छिनचे नाणे जड म्हणून लोकांना हलकी नाणी पाडायची मुभा दिली. नाणी पानासारखी पातळ झाली, साठेबाजांनी माल दाबला आणि धान्याचा भाव एका शीला (धान्याचे माप) 10,000 नाण्यांवर गेला. मग व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि रथात बसायला बंदी आली. हा रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार. इ.स.पू. 186 मध्ये जड नाणे परत आणावे लागले. ज्यावर कर कमी करता येतो त्यावर तो कमी करावा. टांकसाळ ही सवलत देण्याची जागा नव्हे.

उत्तर सरहद्दीवर सवय नडली. इ.स.पू. 200 मध्ये लिउ बांग स्वतः श्योंगनू या भटक्या टोळ्यांवर चालून गेला आणि बायदंग टेकडीवर सात दिवस वेढला गेला. सुटल्यावर त्याने भेटी आणि सोयरिकीचा तह केला. दक्षिणेत मात्र चार वर्षांनी लू जियालाच वकील म्हणून पाठवून लढाईवाचून काम झाले.

सगळ्यात महागात पडले ते मांडलिक राजे. युद्ध जिंकायला त्याने सात जणांना पूर्वेचा मुलूख आणि राजपद देऊ केले होते. सम्राटाच्या थेट अमलाखाली 15 प्रांत, बाकी बहुतेक पूर्व त्यांच्याकडे. जहागीरदारांची युक्ती इथे चालत नव्हती, कारण यांच्याकडे स्वतःचे सैन्य होते. इ.स.पू. 201 मध्ये शिकारीच्या बहाण्याने जाऊन त्यांच्यापैकी हान शिनला पकडले आणि राजपदावरून जहागिरीवर उतरवले. 196 मध्ये त्याला वाड्यात मारले. त्याच वर्षी पेंग युए या दुसऱ्या राजाला मारून त्याचे मांस मीठ लावून इतर राजांकडे धाडले. ते पाहून यिंग बू हा तिसरा राजा घाबरला आणि उठला. बंडाचे कारण शिक्षाच बनली. त्या मोहिमेत लिउ बांगला बाण लागला आणि 195 मध्ये तो वारला. त्याच साली बालमित्र लू वान, यानचा राजा, पळून श्योंगनूंना मिळाला. सातांपैकी छांगशाचा एकच राजा उरला. वाळूवरच्या सरदारांची भीती घालवणाऱ्या माणसाने राजांच्या मनात तीच भीती सहा वर्षे भरत ठेवली.

रिकाम्या गाद्यांवर त्याने आपले मुलगे, भाऊ, पुतणे बसवले, आणि लिउ कुळाबाहेरच्या कोणाला राजा करायचे नाही अशी शपथ सरदारांकडून घेतली. माणसे बदलली, जागा तशीच राहिली: स्वतःची फौज, स्वतःचे अंमलदार, स्वतःचा वसूल. मरणाच्या वर्षी वू राज्यावर नेमलेल्या लिउ पी या पुतण्याकडे तांब्याच्या खाणी आणि मिठागरे होती. त्याने चाळीस वर्षे नाणी पाडली, आणि इ.स.पू. 154 मध्ये सात राज्यांचे बंड त्याच्याच पुढाकाराने झाले. ते तीन महिन्यांत मोडले. त्यानंतर, 145 मध्ये, राजांचा आपल्या राज्यातला कारभार काढून घेतला गेला, आणि 127 मध्ये राज्य सगळ्या मुलांत वाटून लहान लहान जहागिरी करण्याचा हुकूम निघाला. सरदारांना लिउ बांगने पहिल्या दोन वर्षांत जी अट घातली होती, म्हणजे उत्पन्न घ्या आणि तलवार राज्याकडे ठेवा, ती त्याच्या घरच्या माणसांवर लागू व्हायला 75 वर्षे लागली.